पिपलानीतलं प्रस्थान

भोपाळला जाऊन आले म्हटलं की लोक पहिल्यांदा तलावाचं विचारतात. तलाव मोठा आहे. टांग्यातून डाव्या हाताला दिसला, मग टांगा वळला. तलावाबद्दल ज्यांना वाचायचंय त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं. मी तिथे चार दिवस होते, आणि त्यातले तीन पिपलानीतल्या दोन क्वार्टरांच्या मधल्या वीस पावलांत गेले. एवढ्याशा जागेत इतका प्रवास मी जन्मात केला नव्हता.

मी पुण्यात मुलींच्या एका वसतिगृहाची व्यवस्था बघते. विधवा, टाकलेल्या, आईबाप नसलेल्या मुली आमच्याकडे येतात, शिकतात, आणि मास्तरीण नाहीतर नर्स होऊन बाहेर पडतात. एके दिवशी टपालात एक कार्ड आलं. अक्षर मोत्यासारखं, मजकूर असा :

'मी मालती. वय सतरा. मराठी सातवी पास. यजमान विषमज्वराने वारले त्यास वर्ष होत आले. आईबाप नाहीत. येत्या सोमवारच्या वर्षश्राद्धाला सासूबाई माझे केस काढणार आहेत. मला मास्तरीण व्हायचे आहे. तरी केस आहेत तोवर येऊन घेऊन जावे. दीर चांगले आहेत पण उपयोगाचे नाहीत.'

शेवटचं वाक्य वाचलं आणि ठरवलं, ही पोरगी आपल्याला हवी.

आता तुम्ही म्हणाल, स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं उलटली, आणि अजून केस काढतात? नाही काढत. पुण्यात नाही, मुंबईत नाही. पण प्रत्येक गोष्टीत कुणीतरी शेवटचं असतंच, आणि त्या शेवटच्या बाईच्या हाती कुणाची तरी मुलगी लागते. मी पिशवी भरली.

गुरुवार : चुकीच्या घरी फराळ

नव्या राज्याची राजधानी होऊन भोपाळला थोडेच दिवस झाले होते. नागपूरच्या कचेऱ्या फायलींसकट उचलून तिथे आणलेल्या. ज्याला विचारावं तो कालच आलेला, त्यामुळे रस्ता कुणालाच माहीत नाही. गावाबाहेर पिपलानीत सरकारी कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या माणसांसाठी क्वार्टर. शेकडो. सगळी एका साच्यातली. तेच दार, तीच खिडकी, तोच दोन हातांचा ओटा. नंबर घालायचं काम अजून चालू होतं, म्हणजे काहींना होते, काहींना नव्हते, आणि काहींना दोन-दोन होते.

मला हवं होतं मालतीचे दीर वसंतराव फोरमन यांचं घर. मी एका उघड्या दारात शिरले. आत एक गुटगुटीत, हसरी बाई होती. ती म्हणाली, "आइए, आइए, अम्मा! बैठिए!" मला वाटलं, वर्षभर भोपाळात राहून घरातल्या बायकासुद्धा हिंदी बोलायला लागल्या. तिने पाणी दिलं. पोहे दिले, वर शेव, बाजूला जिलेबी. पोह्यांबरोबर जिलेबी! आमच्याकडे कुणी असं वाढलं तर पाव्हणा ताटाकडे आणि मग वाढणारीच्या तोंडाकडे बघेल. मी मात्र दोन्ही संपवलं. पाय धुतले. दुसऱ्यांदा पोहे घेतले. आणि मग विचारलं, "मालती कुठे आहे?"

"कौन, मालू? वो तो बगल में रहती है," बाई म्हणाली.

त्या होत्या मिश्राइन. नवरा कारखान्यात फिटर, गाव कानपूरकडचं. कोण, कुठली, कशाला आलात, यातलं काहीही न विचारता त्यांनी मला दोन वेळा पोहे वाढले होते. आमच्या पेठेत दाराची साखळी निघायच्या आधी आडनाव, गाव आणि काम तिन्ही सांगावं लागतं, आणि तरी पाणी मिळेल याची खात्री नाही. मी खजील होऊन माफी मागायला लागले तर त्या म्हणाल्या, "घर-घर सब एक जैसे हैं, अम्मा. भूख भी एक जैसी है." आणि मला हाताला धरून वीस पावलांवरच्या घरी पोचवून आल्या.

वसंतरावांच्या घरी तेव्हा तीन माणसं. ते स्वतः, त्यांची आई यमुनाकाकू आणि मालू. वसंतरावांची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. त्यामुळे स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं, काकूंच्या देवपूजेची तयारी, सगळं मालूवर. मालू म्हणजे हातभर शरीर आणि गुडघ्याला टेकणारी वेणी. मला बघून तिने नुसती मान डोलवली, जशी दुकानात मागवलेली वस्तू वेळेवर आल्यावर डोलवतात.

यमुनाकाकू साठीच्या. लाल आलवण, डोकं केस काढून झाकलेलं, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि सोवळं इतकं कडक की वाळत घातलेले कपडे काठीने उतरवायच्या. बोलणं मात्र लोण्यासारखं मऊ. मी थेट विषय काढला.

"काकू, पोरीचे केस कशाला काढताय?"

"अहो गोदाबाई, मी कुठे काढत्येय? रीत आहे ती. माझे नाही का काढले? तेराव्या वर्षी."

माझं डोकं सटकलं. मी डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि अंबाडा सोडून माझी पांढरी वेणी पुढे घेतली. "माझेही काढले होते. पंधराव्या वर्षी. हे बघा, आले परत. केसांना काही शास्त्र वाचता येत नाही."

काकूंनी डोळे बारीक करून माझ्या वेणीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तेल कुठलं लावता?" आणि उठून देवघरात गेल्या. भांडायला आलेल्या माणसाने पुढे काय करावं?

शुक्रवार : न्हाव्यांचा शोध

सकाळी वसंतराव म्हणाले, "ताई, जुनं शहर बघायला येता का?" मी हुरळून निघाले. टांग्यात बसल्यावर कळलं की आईने त्यांना न्हावी ठरवायला पाठवलं होतं आणि त्यांना एकट्याला लाज वाटत होती.

अहो, मी ज्या कामाविरुद्ध पुण्याहून आले त्याच कामाला मला बरोबर घेऊन चालले होते हे गृहस्थ! मी टांग्यातच त्यांची अशी हजेरी घेतली की टांगेवाला मधे पडला, "अम्मा, मियाँ को साँस तो लेने दो."

"ताई, मला तरी कुठे हे पसंत आहे?" वसंतराव रडकुंडीला येऊन म्हणाले. "पण आईला नाही म्हणणं जमत नाही. म्हणून मी मुद्दाम म्हाताऱ्या न्हाव्यांना विचारतो. ते नाही म्हणतात, मी घरी जाऊन सांगतो, मिळाला नाही. असे सहा झाले."

सातवा मशिदीच्या भिंतीपाशी लिंबाखाली बसला होता. पांढरी दाढी, समोर फुटका आरसा. वसंतरावांनी चाचरत काम सांगितलं. म्हाताऱ्याने वस्तरा खाली ठेवला. "बाबू, इस शहर पर बेगमों ने राज किया है. मेरे दादा ने औरतों को तख़्त पर देखा है. मैं औरत का सर मूँडूँ? जाइए, चाय पीजिए."

आणि खरंच त्याने आम्हाला चहा पाजला. त्या चहात मीठ होतं. साखर होती, आणि मीठही होतं! मला वाटलं पोऱ्याची चूक झाली. मी तोंड वाकडं केलं तर सगळे हसले. म्हणे भोपाळचा चहा असाच असतो. दुसरा कप मागवावासा वाटला हे पुण्यात कुणाला सांगू नका.

परत येताना मी खुशीत होते. सात न्हावी नाही म्हणाले, सुटलो. तर वसंतराव मान खाली घालून म्हणाले, "ताई, एक घोळ झालाय. कारखान्यातल्या चपराशाने आपण होऊन एक न्हावी ठरवलाय सोमवारचा. त्याला कामाचं नीट काही सांगितलेलंच नाही, त्यामुळे तो हो म्हणाला." दीर चांगले आहेत पण उपयोगाचे नाहीत, हे मालूने उगीच नव्हतं लिहिलं.

संध्याकाळी मी जाहीर केलं, "परवा, रविवारी संध्याकाळच्या गाडीने मी निघणार. मालूला घेऊन."

"न्या की," काकू म्हणाल्या. "मी कधी नको म्हटलं? फक्त चांगला दिवस बघून न्या."

आणि पंचांग उघडलं. दिशाशूल नावाचा प्रकार तुम्हाला ठाऊक असेल. अमुक वारी अमुक दिशेला निघायचं नाही. गुरुवारी दक्षिण वर्ज्य, शुक्रवारी आणि रविवारी पश्चिम. मी म्हटलं, पुणं तर दक्षिणेला. काकू म्हणाल्या, छे, पश्चिमेला. वसंतरावांनी नकाशा आणला, वर होकायंत्र ठेवलं, पट्टी लावली, आणि फोरमनच्या आवाजात निकाल दिला, "नैऋत्य."

"बघा!" काकू म्हणाल्या. "म्हणजे दोन्हींचं शूल लागतं."

तीन वार गेले. सोमवारी श्राद्ध. मंगळवारी बाईमाणसाने निघू नये. शनिवार तो शनिवारच. राहिला बुधवार. "बुधवारी गेलेली लवकर परत येत नाही."

"तेच तर हवंय!" मी ओरडले.

"असं अभद्र बोलू नये हो," काकू मायेने म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारून घेतला. देशात जिल्हेच्या जिल्हे एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात गेले, कुणी पंचांग बघितलं नाही. आणि इथे एका मुलीला आठवड्यात एक वार मिळेना!

"मग तुम्ही लोक गावाला जाता तरी कसे?" मी विचारलं.

"प्रस्थान ठेवून," काकू म्हणाल्या.

प्रस्थान आमच्याकडेही ठेवतात. निघायच्या दिवशी मुहूर्त नसला तर आधीच्या एखाद्या चांगल्या घटकेला प्रवाशाचं एक वस्त्र, मूठभर तांदूळ आणि सुपारी असं गाठोडं बांधून शेजारी नेऊन ठेवायचं. वस्त्र निघालं म्हणजे माणूस निघाला. मग खरा माणूस केव्हाही निघो. आमच्याकडे गाठोडं ठेवून माणूस खुशाल घरी येऊन जेवतो, झोपतो. पण काकूंच्या गावचं शास्त्र कडक. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने ते स्वहस्ते ठेवायचं, आणि एकदा ठेवलं की निघालेल्या माणसाने उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, त्या घरचं अन्न खायचं नाही. मागे फिरला तर घरावर संकट.

"तुमचं ठेवते उद्या सकाळी," काकू म्हणाल्या. "शनिवारी माणसाने निघू नये, पण सव्वानऊला एक घटका प्रस्थानाला चांगली आहे. पाव्हण्या माणसाला मी शूलावर नाही जाऊ देणार."

"मग मालूचंही ठेवा ना."

"तिचं अजून ठरतंय कुठे?" काकूंनी पंचांग मिटलं. पाटावर तांदूळ निवडत बसलेल्या मालूची बोटं तेवढी थांबली.

शनिवार : कोण निघालं?

मी ठरवलं होतं की रविवारी सरळ पोरीचा हात धरून बाहेर पडायचं. पण मालू तयार होईना. "ताई, मी पळून नाही येणार," ती म्हणाली. "मी पळाले तर भाऊजींच्या घरात पुढे काहीही झालं, नुसतं दूध उतू गेलं तरी माझ्याच नावावर जाईल. मला सासूबाईंनी दारातून निरोप द्यायला हवा." सतरा वर्षांची पोर, आणि मला, बावन्न वर्षांच्या बाईला, गप्प केलं तिने.

सव्वानवाला काकू सोवळ्यात. हातात काठी. मागच्या अंगणात दोरीवर पांढरी पातळं वाळत होती, काठ नसलेली, मी नेसते तसलीच. त्यांनी काठीने एक ओढलं, गाठोडं बांधलं, आणि आम्ही मिरवणुकीने निघालो. पुढे काकू, मागे मी पिशवी घेऊन, माझ्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन मालू. वीस पावलं चालून मिश्राइनच्या घरी पोचलो. काकूंनी गाठोडं कोनाड्यात ठेवलं, हात जोडले, आणि मागे न बघता घरी गेल्या. मला आता रविवारपर्यंत मिश्राइनच्या घरी राहायचं होतं, म्हणजे सकाळ-संध्याकाळ जिलेबी. मी काही फार दुःखी नव्हते.

आंघोळीला जाताना मी पिशवी उघडली. माझी दोन पातळं पिशवीत. तिसरं अंगावर. मी आणलीच होती तीन.

"मालू," मी म्हटलं, "ते गाठोडं जरा बघ गं."

तिने गाठोड्याची गाठ सैल केली. पातळाच्या पदराजवळ शेगडीच्या ठिणगीने पडलेलं भोक होतं, निळ्या दोऱ्याने रफू केलेलं. मालूने ते बोटाने चाचपलं. "ताई, हे माझं आहे."

मला इतकं हसू आलं की मिश्राइन धावत आल्या. अहो, यांनीच बायकांना सगळ्या एका पांढऱ्यात गुंडाळल्या, आणि आता यांनाच कोण कुठली ते ओळखू येईना!

मी ओट्यावरून हाक मारली, "काकू! तुम्ही मालूचं प्रस्थान ठेवलंत!"

काकू दारात आल्या. निळं रफू मी उंच धरलं. मोतीबिंदूतून त्यांना ते दिसलं नसेल, पण माझे शब्द पोचले. तेवढ्यात मालू सवयीने घराकडे निघाली, कारण शेगडीवरचा भात उतरवायची वेळ झाली होती. काकू किंचाळल्या, "थांब! आत पाय टाकू नकोस! तू निघाल्येस!"

मालू एक पाय हवेत ठेवून उभी राहिली.

वसंतराव ड्यूटीवरून जेवायला आले तेव्हा हे असं दृश्य होतं. सगळं ऐकून ते म्हणाले, "यात काय एवढं? कारखान्यात चुकीचा माल गेला की परतीची चिठ्ठी करतात. गाठोडं परत आणू."

"प्रस्थान परत आणतात?" काकू कडाडल्या. "तुझी बायको बाळंतीण व्हायची आहे, आणि तू संकटाला परतीची चिठ्ठी पाठवतोस?"

मग काकूंनी स्वयंपाकाला सुरुवात केली. घरातलं काय कुठे आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि निघालेल्या माणसाशी बोलणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. त्या ओट्यावर येत आणि मला ओरडून सांगत, "गोदाबाई, त्या निघालेल्या मुलीला विचारा, हिंग कुठे?"

मालू माझ्या शेजारीच. "फळीवर, तिसरा डबा."

मी ओरडे, "तिसरा डबा!"

"गोदाबाई, तिला विचारा, चहाची पूड? स्टोव्हची पिन? वसंताचे मोजे? माझी जपमाळ?"

"माळ त्यांच्या गळ्यातच आहे," मालू हळूच म्हणाली. मी तेही ओरडून सांगितलं. दुपारभर हे चाललं. सगळी लाईन ओट्यावर येऊन बसली. सात-आठ निरोपांनंतर काकूंचा आवाज उतरत गेला. वर्षभरात घरातली एकेक वस्तू त्या पोरीच्या हाताखाली गेली होती, हे त्यांना बहुधा प्रथमच कळत होतं. वसंतरावांनी करपलेली भाकरी निमूट खाल्ली.

मला वाटलं, जिंकलो. पण चारच्या सुमाराला चपराशाने ठरवलेला तो न्हावी सोमवारची वेळ विचारायला सायकलवर आला. काकू एकदम ताठ झाल्या. "बरा आलास. केस काढायला ती या घरातच हवी असं कुठे आहे? तिकडे जा. आजच उरक. मग जाऊ दे तिला पुण्याला."

त्यांना मराठी, त्याला हिंदी, पण बोट कुठे दाखवलं ते त्याला कळलं. तो पेटी घेऊन मिश्राइनच्या ओट्याशी आला. मालूने दोन्ही हातांनी वेणी मागे धरली होती. न्हावी जवान पोरगा होता, हसरा. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून एक खुळखुळा काढला, वाजवला, आणि विचारलं, "बच्चा कहाँ है?"

त्याला वाटलं होतं, घरात कुणाचं तरी जावळ काढायचं आहे.

वसंतराव भिंतीकडे तोंड करून उभे. न्हाव्याने परत खुळखुळा वाजवला. "बच्चा, माँजी?" काकू तो खुळखुळा बघत राहिल्या.

तेवढ्यात मिश्राइन आतून आल्या, हातात लाटणं, कणकेने भरलेलं. त्यांना काय चाललंय ते मी दोन वाक्यांत सांगितलं. त्या अशा पेटल्या की बस. पोरीच्या बाजूने भाषण करतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी दुसराच सूर लावला. "मेरे घर में? सुहागन के घर में बेवा का मुंडन? हमारे मिश्राजी ज़िंदा हैं, माँजी! सही-सलामत हैं, ड्यूटी पर हैं! नाई ने मेरी चौखट छुई, तो मैं..." आणि लाटणं वर.

काकूंना हिंदी येत नव्हती, पण ही भाषा त्यांना ताबडतोब कळली. सवाष्णीच्या घरात, तिचा नवरा धडधाकट असताना हे करणं म्हणजे अपशकुन. खरंच की. त्यांनी स्वतः कधी होऊ दिलं नसतं. आपल्या घरात नाही, शेजारी नाही.

"मग मधे रस्त्यावर..." वसंतराव पुटपुटले.

"गप रे!" काकू, मी आणि मिश्राइन तिघी एकदम.

न्हाव्याला मिश्राइनने चार पुऱ्या खायला घालून वाटेला लावलं.

ऊन कललं तशी मी काकूंच्या ओट्याच्या पायरीवर जाऊन बसले. माझं प्रस्थान ठेवलेलं नव्हतं, मला कुठेही जाता येत होतं. त्या घसा खाकरून म्हणाल्या, "गोदाबाई, ते परत येताना... टोचतात का हो?"

"काय?"

"केस."

"पहिले दोन महिने नुसतं कुंपण," मी म्हटलं. "उशीला अडकतात, पदराला अडकतात. जीव नकोसा होतो. मग बसतात."

"आणि घराला काही झालं? तुमच्या?"

"भावाला जुळं झालं."

त्यांनी आलवण डोक्यावर आणखी पुढे ओढलं. "मी तेरा वर्षांची होते. न्हावी आला तेव्हा सागरगोटे खेळत होते. मला वाटलं, खेळून झाल्यावर परत लावतील." हे सांगून त्या थोडं हसल्या. मला हसू आलं नाही. मला त्यांचा दोन दिवस फार राग आला होता, आणि तो कुठे गेला ते मला अजून कळलेलं नाही.

रविवार : स्टेशन

सकाळी उठून बघते तो काकूंच्या घरातून तुपाचा वास. दुधात भिजवलेल्या दशम्या करत होत्या, प्रवासाच्या. निघालेल्या माणसाला त्या घरचं अन्न चालत नाही अशी मी आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "दशमी म्हणजे काय अन्न आहे? शिदोरी आहे ती." शास्त्राला इतक्या पळवाटा असतात हे कुणी मला पंधराव्या वर्षी सांगितलं असतं तर!

इथेच सांगून टाकते, पुढे वसंतरावांचं पत्र आलं. सोमवारी तो न्हावी आलाच. श्राद्ध वसंतरावांच्या हातून व्हायचं होतं, तेव्हा त्याने त्यांचीच हजामत केली. वस्तरा फार हलका चालतो म्हणतात. आई रोज स्वयंपाक करते, हिंग सापडायला लागलाय, आणि बायकोला मुलगी झाली.

संध्याकाळी टांग्यातून स्टेशनवर निघालो. मिश्राइनने जिलेबीची पुडी दिली, मालूला मिठी मारली आणि भोकाड पसरलं. टांगा हलणार एवढ्यात काकू काठी टेकत आल्या आणि चढून बसल्या. भोपाळला आल्यापासून त्या कधी क्वार्टरांच्या बाहेर पडल्या नव्हत्या. वाटेत वसंतरावांनी तलाव दाखवला. "पाणी बरंच आहे," एवढं म्हणाल्या.

फलाटावर गर्दी, धूर, हमाल. गाडी लागली. मी डब्यात चढून खिडकी पकडली, सामान लावलं. मालू खाली होती. तिने वाकून काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं.

काकूंनी सवयीने हात उचलला, तोंड उघडलं, आणि तिथेच थांबल्या. बायकांनी पाया पडणाऱ्या पोरीला काय म्हणायचं असतं? अखंड सौभाग्यवती भव. ते आता या पोरीला म्हणता येत नव्हतं. पुत्रवती हो, तेही नाही. शंभर वर्षांची हो म्हणावं, तर असली शंभर वर्षं कशी जातात ते काकूंना माहीत होतं. हात तसाच हवेत. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. त्यांच्या सगळ्या शास्त्रात, सगळ्या पंचांगांत, विधवा पोरीला द्यायला एक आशीर्वाद नव्हता. गार्डने शिट्टी दिली. मालू वाकलेलीच. आशीर्वाद मिळाल्याशिवाय ती उठेना, आणि मी खिडकीतून ओरडत होते, अगं चढ, चढ!

"पास हो," काकू म्हणाल्या.

मालू उठली, धावत येऊन चढली. गाडी हलली. काकू काठी टेकत चार पावलं खिडकीबरोबर आल्या आणि आवाज चढवून म्हणाल्या, "आणि पेपराला बसताना केस घट्ट बांध गं. डोळ्यांवर येतात तुझ्या."